आधी सांगा, दिलं काय होतं

काही बिघडल्याची तक्रार घेऊन कुणी आलं की बाई आधी चष्मा काढायच्या, पदराच्या टोकानं पुसायच्या आणि तो परत डोळ्यांवर चढेपर्यंत समोरच्याला बोलू द्यायच्या. मग म्हणायच्या, "ते सगळं ठीक. आधी सांगा, दिलं काय होतं?"

मला हा प्रश्न पहिल्यांदा विचारला गेला तो शर्टाबद्दल. साखर पेठेतल्या शिंप्यानं नव्या शर्टाची वाट लावली म्हणून मी तावातावानं सांगत होतो. बाह्या आखूड, काखेत घट्ट, गुंडी लावली की श्वास कोंडतो.

"दिलं काय होतं मापाला?"

"जुना शर्ट दिला होता."

"कधीचा?"

जुना शर्ट कॉलेजातला होता. तेव्हा मी काडीपैलवान होतो. लग्नानंतर सासुरवाडीच्या शेंगाचटणीनं आणि दह्यानं माझं बरंच भलं केलं होतं. शिंप्यानं दिल्या मापाबरहुकूम शर्ट शिवला होता, हे मला मुकाट्यानं कबूल करावं लागलं. बाई हसल्या नाहीत. त्या अशा वेळी कधीच हसायच्या नाहीत, म्हणून तर राग यायचा.

बाई सोलापुरातल्या एका कॉलेजात गणित शिकवायच्या. मूळच्या अक्कलकोटकडच्या. घरी आईशी कानडी, शेजारच्या विणकरांच्या बायकांशी मोडकंतोडकं तेलुगू आणि आमच्याशी मराठी. लग्न केलेलं नव्हतं. त्यावर पेठेत दोन-तीन मतं होती, पण बाईंना विचारायची कुणाची छाती नव्हती. तुम्हीही अशा एखाद्या बाई पाहिल्या असतील, ज्यांच्यासमोर सायकलवरून जाताना उगीच घंटी वाजवावीशी वाटत नाही.

एका उन्हाळ्याच्या सुट्टीत त्या पुण्याला जाऊन कॉम्प्युटरचं शिक्षण घेऊन आल्या. त्या काळात सोलापुरात कॉम्प्युटर म्हणजे काय हे सांगायला लागलं की ऐकणारा पानाचा डबा उघडायचा. खुद्द बाईंनीही तो काचेपलीकडूनच पाहिला होता. आत एसी, बाहेर शिकणारे. "एक मोठं कपाट होतं, आणि त्याला आमच्यापेक्षा जास्त गार हवा," एवढंच वर्णन त्या करायच्या.

बाईंशी माझी पेठेतली ओळख होतीच, पण एकत्र काम करायची वेळ आली ती बहात्तरच्या दुष्काळामुळं. पाणीटंचाईच्या कामासाठी उघडलेल्या एका तात्पुरत्या कचेरीत मी सांख्यिकी सहायक होतो. हुद्दा भारदस्त, काम बेरजा-वजाबाक्यांचं. गावोगावच्या विहिरी मोजून आकडे आमच्याकडं यायचे: विहीर किती खोल, घेर किती, पाणी किती खाली गेलंय, गावात माणसं किती. त्यावरून पाणी किती दिवस पुरेल ते काढायचं, आणि ज्या गावाचं पुरत नाही तिथं टँकर पाठवायचा. आम्ही तिघं जण हातानं गणितं करत होतो. त्या वेगानं सगळी गावं उरकेपर्यंत पुढचा पावसाळा आला असता, आणि तो आला असता तर आमची गरजच उरली नसती.

आमच्या मोठ्या साहेबांना कुणीतरी बाईंचं नाव सांगितलं. बाईंनी प्रोग्रॅम लिहून द्यायचा, कागद घेऊन मी एसटीनं पुण्याला जायचं, तिथल्या एका संस्थेत तो मशीनवर चालवून घ्यायचा आणि छापील उत्तरं घेऊन परत यायचं, असं ठरलं. बाईंनी होकार देताना मानधनाचा म सुद्धा काढला नाही. त्यांच्या डोळ्यांत तेव्हा एक चमक दिसली, ती मी आधी पाहिली नव्हती. एवढं मोठं गणित त्यांच्या वाट्याला पहिल्यांदाच येत होतं.

पहिली खेप पार फसली. पुण्याहून मी एकच कागद घेऊन आलो. त्यावर इंग्रजीत एक ओळ होती, तिचा अर्थ एवढाच की काम मध्येच थांबलं आहे. कुठल्या गावापाशी थांबलं, का थांबलं, काही नाही. साहेब म्हणाले, मशीनमध्ये बिघाड असणार. मी म्हणालो, पुण्याच्या लोकांनी घोळ घातला असणार. बाईंनी चष्मा पुसला.

"थांबलं तेव्हा त्याच्या हातात काय होतं, ते कळायला नको का?"

मग त्यांनी मला समजेल असं सांगितलं. प्रोग्रॅम म्हणजे एक सलग लिखाण नसतं. त्याचे लहान लहान तुकडे असतात. एक तुकडा विहिरीतल्या पाण्याचं माप काढतो, दुसरा ते किती दिवस पुरेल ते काढतो. मुख्य तुकडा या धाकट्यांना हाक मारतो आणि काम सांगताना आकडे हातात देतो. धाकटा आत जातो, दार लागतं. आत तो कोसळला तर बाहेरच्याला फक्त धप्प असा आवाज येतो. म्हणून बाईंनी प्रत्येक तुकड्याच्या सुरुवातीला एक ओळ घातली. आत शिरताना दारातच थांबायचं आणि आपल्या हातात काय काय दिलंय ते कागदावर छापायचं. मग काय ते काम.

आज कॉम्प्युटरवाल्यांना यात नवल वाटणार नाही. पण मशीन पुण्यात, आपण सोलापुरात आणि मध्ये एसटी, अशा अवस्थेत ही युक्ती त्यांनी गरजेपोटी शोधली होती.

पुढच्या खेपेलाही काम थांबलं. पण या वेळी शेवटच्या ओळीत गावाचं नाव होतं, विहिरीचे आकडे होते आणि माणसांच्या जागी शून्य होतं. ते गाव बेचिराख होतं. सरकारी दप्तरात नाव शिल्लक, विहीर शिल्लक, वस्ती कधीच उठून गेलेली. पाण्याला माणसांनी भागायला गेलेलं मशीन शून्यापाशी अडलं होतं.

"प्यायला तोंडच नाही तिथं पाणी किती दिवस पुरेल?" बाई म्हणाल्या. "मशीननं हात टेकले. बरोबर केलं."

बाईंना एवढ्या खुशीत मी त्यापूर्वी पाहिलं नव्हतं. त्यांनी आईला हाक मारून कानडीत ही हकिकत सांगितली. आईला त्यातलं फक्त ओसाड गाव कळलं आणि तिनं हळहळ व्यक्त केली.

त्यानंतर काम सुरळीत लागलं, फक्त कागद फार व्हायला लागला. उत्तरं बोटभर जाडीची आणि दारात छापलेल्या या ओळींचं गाठोडं वेगळं. ते गाठोडं मांडीवर घेऊन टेंभुर्णीचे खड्डे सोसणारा मीच होतो, त्यामुळं या विषयात माझं मत साहेबांच्या बाजूचं होतं.

"बाई, या ओळी काढून टाका," साहेब म्हणाले. "आता चाललंय ना व्यवस्थित? उत्तरं तेवढी हवीत आम्हाला."

"उत्तरं चुकली तर?"

"मशीन खोटं बोलत नाही."

"खोटं बोलत नाही, साहेब. दिलं तेवढंच बोलतं."

ओळी राहिल्या. गाठोडी बाईंच्या घरी पडू लागली आणि आईनं त्यांचा उपयोग शोधून काढला. फडताळाचे कप्पे, पोळपाटाखालची जागा, लोणच्याच्या बरण्यांचं बूड, सगळीकडं सोलापूर जिल्ह्यातल्या विहिरी अंथरल्या गेल्या. बाईंना हे आवडायचं नाही, पण कागद लांबच्या लांब आणि पाठकोरा, त्याला कोण काय करणार!

आणि मग सांगोल्याकडच्या एका गावाची माणसं कचेरीच्या पायरीशी येऊन बसली.

पाच-सहा जण होते. पुढं एक म्हातारबा, डोक्याला मळकं पागोटं, हातात काठी. त्यांच्या गावाला येणारा टँकर बंद झाला होता. आमच्या कागदावर त्या गावाच्या विहिरीत एकोणचाळीस फूट पाणी होतं. साहेबांनी तो कागद त्यांच्यासमोर धरला.

"हे बघा. मशीननं काढलंय. भरपूर पाणी आहे."

म्हातारबांनी कागदाकडं बघितलं, मग साहेबांकडं.

"मग मशिनीलाच धाडा की शेंदायला. आमच्या बाया खाली उतरून वाटीनं भरत्यात. घागर भरंस्तवर दीस डोक्यावर येतोय. परवाच्याला टँकर आला न्हाय तर गाव उठतंय बगा. निम्मी माणसं गाड्या जुपून बसल्यात."

साहेब चिडले. गावातली माणसं टँकरसाठी काहीही सांगतात, असं ते इंग्रजीत मला म्हणाले. पुरतं चूक नव्हतं ते, सांगतातही. पण म्हातारबांच्या ओठांना पडलेल्या भेगा मी बघत होतो. मी सायकल काढली आणि बाईंच्या घरी गेलो.

बाईंनी ऐकून घेतलं, नेहमीचा प्रश्न मला न विचारता स्वतःच उठल्या आणि गाठोडी उपसायला लागल्या. ते गाव सापडेना. शेवटी ते फडताळाच्या खालच्या कप्प्यात, लिंबाच्या लोणच्याच्या बरणीखाली निघालं. तेलाचा गोल डाग पडला होता, पण ओळ वाचता येत होती. विहिरीची खोली पंचेचाळीस. पाण्याची पातळी सहा.

पंचेचाळीस फूट खोल विहीर आणि सहा फुटांवर पाणी, म्हणजे उरलं एकोणचाळीस. मशीनची वजाबाकी चोख होती. दुष्काळात, सांगोल्याच्या रानात, सहा फुटांवर पाणी! ओढ्याकाठीही तेव्हा ते नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं आम्ही त्या गावी गेलो. बाईंनी सोबत लांब सुतळी आणि तिच्या टोकाला बांधायला एक लोखंडी वजन घेतलं होतं. गावात खरोखरच गाड्या जुंपायच्या तयारीत होत्या. एका गाडीत अंथरुणांच्या वळकट्या, वर उलटी ठेवलेली काथ्याची बाज आणि बाजेला बांधलेली एक शेळी. म्हातारबा आम्हाला विहिरीवर घेऊन गेले. बाईंनी वाकून सुतळी सोडली. ती किती तरी वेळ खाली जात राहिली.

"म्हातारबा, पाणी केवढ्यावर आहे म्हणून सांगितलं होतं तुम्ही? तो मोजणीवाला आला होता तेव्हा?"

"सा परसावर. आत्ताबी तितंच हाय, उलीसं खाली सरकलं असंल."

परस म्हणजे हात वर करून उभा राहिलेला पुरुष. आमच्याकडं विहिरीत उतरणारा माणूस पाण्याची गोष्ट त्यातच करतो. एक परस म्हणजे सात फूट धरा; सहा परस म्हणजे बेचाळीस, विहिरीत उरलं जेमतेम तीन फूट. विहिरीची खोली मोजणीवाल्यानं तलाठ्याच्या जुन्या नोंदीवरून फुटांत घेतली होती. पाणी किती खाली, हे त्यानं म्हातारबांना विचारलं होतं. म्हातारबांनी खरं सांगितलं, त्यानं ऐकलं तसं मांडलं, मशीननं दिलं तसं वजा केलं. कुणीही खोटं बोललं नव्हतं, आणि गावाचं पाणी तुटलं होतं.

बाई विहिरीच्या कठड्यावर बसल्या. एक म्हातारी आम्हाला तांब्यातून पाणी घेऊन आली. गढूळ होतं. मी नको म्हणालो. बाईंनी घेतलं आणि सगळं प्यायल्या. परत येताना सांगोल्याच्या स्टँडवर त्या मला म्हणाल्या, "तो आकडा माझ्यासमोर छापून आला होता. मी दारात पहारेकरी बसवला, त्यानं सांगितलं सुद्धा, सहा म्हणून. पण काम थांबलं तरच मी त्याचं ऐकत होते. हे थांबलं नाही, उत्तर आलं, म्हणून मी बघितलंच नाही. छापणं म्हणजे बघणं नव्हे."

मला वाईट वाटलं. चूक मोजणीवाल्याची, चूक 'पाणी किती खाली' एवढंच विचारून मोकळं होणाऱ्या आमच्या कचेरीची. गणिताच्या बाईंनी ती आपल्या पदरात का बांधून घ्यावी? मी तसं म्हणालोही. बाई पिशवीतली सुतळी काढून पुन्हा नीट गुंडाळायला लागल्या.

कचेरीत साहेब नरमले. त्या गावचा टँकर त्यांनी उभ्या उभ्या सुरू करायला सांगितलं. म्हणाले, टँकर नादुरुस्त होता असं कळवून टाकू, विषय संपला.

"संपला नाही," बाई म्हणाल्या. "परसात बोलणारं हे एकच गाव असेल का?"

साहेबांनी समोरचा कागद बाजूला सारला. मग म्हणाले, "सगळी गावं परत मोजायची? कुणाच्या जबाबदारीवर? मशीनचं काम चुकलं म्हणून वर कळलं तर हे सगळंच बंद होईल, बाई. तुमचं पुण्याचं काम, सगळं. ठरवा तुम्हीच."

साहेब दुष्ट नव्हते. त्यांनी आपल्या परीनं बाईंना सावध केलं होतं. बाईंना काय गमवावं लागणार हे त्यांना कळत होतं आणि मलाही. कॉलेजात वर्षानुवर्षं तेच ते दोन धडे शिकवणाऱ्या त्या बाईंच्या हाती एक जिवंत गणित लागलं होतं. रविवारी सकाळी अंगणात बसून त्या प्रोग्रॅम लिहायच्या तेव्हा त्यांचा चेहरा असा असायचा, की आईसुद्धा मध्ये बोलत नसे.

बाईंनी चष्मा काढला, पण पुसला नाही. "प्रोग्रॅम माझा, चूक माझी, असं मी लिहून देते. तुम्ही तेवढे टँकर सोडा. पण आधी कुठली गावं ते बघायला हवं."

त्या आठवड्यात आम्ही बाईंच्या घरी बसून ते सगळे कागद वाचले. बरण्या उतरवल्या, फडताळं रिकामी केली, पोळपाट उचलला. आई कपाळावर हात मारून घेत होती. "एन माडाकत्ती?" म्हणून तिनं लेकीला विचारलं, हे काय चालवलंयस, आणि उत्तर मिळालं नाही तेव्हा स्वतःच खाली बसून कागद झटकून आमच्या हातात द्यायला लागली. विहीर खोल आणि पाणी मात्र अगदी वर, असा आकडा दिसला की बाई त्यावर लाल खूण करायच्या. खुणा वाढत गेल्या. दारात छापलेल्या त्या ओळी नसत्या तर आम्हाला नुसती उत्तरं मिळाली असती, आणि उत्तरं सगळी सारखीच खरी दिसत होती. मांडीवर वाहिलेल्या त्या गाठोड्यांबद्दल मी आजवर जे बोललो होतो ते मनातल्या मनात मागं घेतलं.

खुणेच्या गावांना टँकर सुटले. कुठं खरंच गरज होती, कुठं नव्हती. साहेबांनी बाईंचं म्हणणं राखलं आणि त्यांचं स्वतःचं भाकीतही खरं झालं. बाईंचं लिहून दिलेलं वर गेलं, वरून हुकूम आला, आणि पुण्याचं काम थांबलं. आम्ही तिघं परत हातानं बेरजा करायला लागलो. बाई कॉलेजात गेल्या. त्यांनी या गोष्टीबद्दल पुन्हा काही काढलं नाही. मी एकदा विषय काढला तर म्हणाल्या, "तुमच्या कचेरीतल्या शिपायाला सांगा, विहिरींचे ते राहिलेले कागद घेऊन जा म्हणावं. आईला फडताळाला आता वर्तमानपत्र पुरतं." त्यांना दुःख झालं होतं. ते त्यांनी कुणाला दाखवलं नाही, पण रविवारी सकाळी अंगणातली खुर्ची रिकामी असायची.

पुढं काही वर्षांनी आई गेली आणि बाई भावाकडं धारवाडला निघून गेल्या. तिथंच त्या वारल्या, असं मला त्यांच्या भाच्याकडून उशिरा कळलं. त्यांच्या घरात आता चादरींचं गोदाम आहे. मी त्या बोळातून क्वचितच जातो.

मला त्या आठवतात त्या दुष्काळ सरल्यावरच्या एका दुपारी. रब्बी चांगली साधली होती. म्हातारबा सुनेला घेऊन कचेरीत आले आणि "ती हिरीवर आल्याली बाई कुटं ऱ्हाती?" म्हणून विचारायला लागले. बरोबर अर्धं पोतं ज्वारी होती. मी त्यांना घरी घेऊन गेलो. बाई दारात आल्या. पोतं बघून त्यांचा चेहरा उतरला.

"हे मला नको," त्या म्हणाल्या. "तुम्हाला कुणी काय सांगितलंय माहीत नाही. तुमचा टँकर मी आणला नाही. तो माझ्यामुळंच बंद झाला होता."

"ठावं हाय की," म्हातारबा म्हणाले. "सायबानं चावडीम्होरं समद्यास्नी सांगितलं, चुकी कालिजातल्या बाईची म्हनून."

"मग हे कशाला?"

म्हातारबांनी काठी भिंतीला टेकवली. "आमच्या हिरीत आजवर लई जनांनी वाकून बगितलं, बाई. बगायचं आन् जायाचं. चुकलं कुटं ते बगाया आपल्या पायानं आल्याली तुमीच."

बाईंचा हात चष्म्याकडं गेला नाही. मग त्या खाली वाकल्या आणि पोत्याचं एक टोक धरलं. दुसरं म्हातारबांनी धरलं, आणि दोघांनी मिळून ते आत नेलं.